उन्हातलं पॅरिस, उपाशी बंगाल

लख्ख ऊन पडलंय. बागेत गॉगल लावून मुली बसल्यात. घोड्यांच्या शर्यती बघायला आलेल्या बायकांच्या डोक्यांवर भल्यामोठ्या हॅट्स आहेत. रिव्होली रस्त्यावर सायकली चालल्यात. रंग इतके ताजे, की फोटो मागच्याच उन्हाळ्यात काढला असेल असं वाटावं. मग नजर जरा वर जाते आणि इमारतींवर ओळीने लावलेले लाल झेंडे दिसतात. त्यांच्या मधोमध नाझींचं स्वस्तिक.

हे पॅरिस दुसऱ्या महायुद्धातलं आहे, जर्मन फौजांच्या ताब्यातलं. फोटो आंद्रे झ्युका नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराचे. पहिल्यांदा ते माझ्या फोनवर आले तेव्हा मी त्यातले दोन सेव्ह करून ठेवले होते. का, तर सुंदर होते म्हणून. खाली काय लिहिलंय ते वाचलंही नव्हतं.

२००८ साली पॅरिस शहराच्या इतिहास ग्रंथालयाने झ्युकाच्या सुमारे २७० रंगीत फोटोंचं प्रदर्शन भरवलं आणि मोठा वाद पेटला. तो काळ ज्यांनी अंगावर काढला होता त्यांना हे पॅरिस ओळखूच येईना. रेशनच्या रांगांतली चिडचिड कुठेय? कोळशाविना काढलेले हिवाळे कुठेयत? १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत फ्रेंच पोलिसांनी शहरातून सुमारे तेरा हजार ज्यूंना धरून नेलं, त्यांत चार हजारांहून जास्त लहान मुलं होती. ती कुठेयत? शेवटी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक खुलाशाचं पत्रक द्यायची पाळी आयोजकांवर आली. हे फोटो कोणी, कोणत्या परिस्थितीत काढले, ते त्यात लिहिलं होतं.

आता यातली मेख अशी, की या फोटोंतला एकही बनावट नव्हता. मुली खरंच बागेत बसल्या होत्या. ऊन खरंच पडलं होतं. इतकंच काय, दोन-तीन फोटोंत कोटावर पिवळा तारा शिवलेली ज्यू माणसंही रस्त्याने चालताना दिसतात. झ्युकाने त्यांना गाळलं नव्हतं.

मग बिघडलं काय?

एक उत्तर रसायनाचं आहे. त्या वेळी रंगीत फिल्म मिळणं फ्रान्समध्ये जवळपास अशक्य होतं. झ्युकाला जर्मन 'आग्फाकलर' फिल्म मिळत होती, कारण तो जर्मन लष्कराच्या एका सचित्र पाक्षिकासाठी काम करत होता. ही फिल्म फार मंद होती. भरपूर प्रकाश असल्याशिवाय तिच्यावर नीट काही उमटत नसे. म्हणून झ्युका रंगीत फोटो काढायला बाहेर पडायचा तो उन्हातच. रात्र नाही, पाऊस नाही, संचारबंदीतली अंधारी गल्ली नाही. त्याच्या पॅरिसमध्ये कायम दुपार असते. त्यात प्रचाराचा भाग किती आणि फिल्मच्या डब्यावर लिहिलेल्या सूचनांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण ती फिल्म हातात कशी आली, हे विचारल्यावर दोन्ही धागे एकाच ठिकाणी जाऊन पोचतात.

त्या पाक्षिकाचं नाव 'सिग्नल'.

*

एप्रिल १९४० मध्ये जर्मन लष्कराच्या प्रचार विभागाने 'सिग्नल' सुरू केलं. गंमत म्हणजे ते जर्मन लोकांसाठी नव्हतं. जिंकलेल्या, मित्र असलेल्या आणि अजून कुंपणावर बसलेल्या देशांतल्या वाचकांसाठी होतं. सुरुवात जर्मन, फ्रेंच, इंग्रजी आणि इटालियन अशा चार भाषांत झाली. पुढे भाषा वाढत वीसच्या वर गेल्या. १९४३ साली खप २५ लाखांच्या घरात पोचला होता. मुखपृष्ठावर ठळक लाल रंगात नाव आणि कडेला लाल पट्टा; आत गुळगुळीत कागद, मोठे फोटो आणि काही पानं चक्क रंगीत. बहुतेक युरोप तेव्हा रेशनवर जगत होता आणि बहुतेक वर्तमानपत्रं राखाडी कागदावर निघत होती. त्या काळात असा अंक नुसता टेबलावर पडला असला तरी माणूस तो चाळणारच.

आतला मजकूर बघितला तर तुम्हाला वाटेल तसा नाही. प्रत्येक पानावर हिटलर ओरडतोय असं काही नसतं. रणगाडे आणि विमानं आहेतच, पण त्यांच्या शेजारी सिनेनट्या आहेत, फॅशन आहे, विज्ञानाच्या नव्या शोधांच्या आकृत्या आहेत, चित्रकला आहे. सैनिक आहेत ते दाढी करताना, पत्र लिहिताना, वाद्य वाजवताना. तरुण, उन्हाने रापलेले, हसरे. हे सगळं टिपणारे फोटोग्राफर लष्करातलेच होते. 'प्रचार कंपन्या' नावाच्या खास तुकड्या होत्या आणि त्यांच्या माणसांना युद्धाचं रीतसर प्रशिक्षण होतं. ते आघाडीवर जायचे, त्यांच्यातले कितीतरी तिथे मेलेही. म्हणजे त्यांनी स्टुडिओत बसून युद्ध रचलं, असं म्हणता येत नाही. गोळी खरी होती, धूर खरा होता.

एक फोटो कल्पनेत आणा. पूर्वेकडच्या आघाडीवरचं खेडं, एक जर्मन शिपाई लहान मुलाला पाव देतोय. अशा जातीचे फोटो त्या वेळी सगळ्याच सैन्यांनी काढले. समजा, हा क्षण खरा आहे. त्या शिपायाला घरच्या लेकराची आठवण झाली आणि त्याने पाव दिला. फोटोग्राफरने फक्त बटण दाबलं. पण त्याच भागात जर्मन सैन्याने स्वतःचं पोट तिथल्याच धान्यावर भरायचं, असं वरून ठरलं होतं. १९४१ च्या उन्हाळ्यापासून पुढच्या वसंतापर्यंत सुमारे २० लाख सोव्हिएत युद्धकैदी जर्मनांच्या ताब्यात मेले. त्यांतले बहुतेक भुकेने, थंडीने आणि रोगाने गेले. तो पाव कुठून आला, हे फोटो सांगत नाही. त्याला कोणी विचारलंही नाही.

हीच 'सिग्नल'ची खरी करामत होती. त्याने दाखवलेलं बरंचसं खरं होतं. ते जे दाखवत नव्हतं त्यामुळे ते खोटं ठरतं, आणि न छापलेलं पान कोणाला दिसत नाही. छळछावण्या त्यात नाहीत. गावं जाळली जाताना दिसत नाहीत. गुदमरून मारायला नेणाऱ्या आगगाड्या नाहीत, पण आगगाड्या मात्र आहेत: वेळेवर धावणाऱ्या.

स्टालिनग्राडनंतर सूर बदलला. आता 'जर्मनी जिंकतेय' हे सांगून भागण्यासारखं नव्हतं. मग 'जर्मनी युरोपला वाचवतेय' ही गोष्ट सुरू झाली. बोल्शेव्हिकांविरुद्ध सगळा युरोप एक, वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक खांद्याला खांदा लावून वगैरे. इतिहासकाराच्या कामाचा तो भाग हाच. 'सिग्नल' वाचून १९४३ साली रशियात काय चाललं होतं ते कळणार नाही. पण १९४३ साली बर्लिनला नेमकी कशाची भीती वाटत होती, ते अंक तारीखवार लावले की स्वच्छ कळतं. खोटं बोलणारा माणूस कोणत्या विषयावर अचानक जास्त बोलायला लागतो, ते बघायचं.

*

हे इतकं चांगलं जमलं कसं, याच्यामागे एक कडवट गोष्ट आहे. फोटोंतून गोष्ट सांगणारं साप्ताहिक ही कल्पना नाझींची नव्हती. ती त्यांनी लुटलेल्या मालापैकी होती. बर्लिनमधलं 'उलश्टाइन' हे एका ज्यू कुटुंबाचं प्रकाशनगृह. त्यांचं 'बर्लिनर इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग' हे साप्ताहिक १९३० च्या आसपास जवळजवळ २० लाख खपत असे. फोटो मोठा छापायचा, दोन फोटो शेजारी ठेवून तिसरा अर्थ काढायचा, हे तंत्र तिथे आणि म्युनिकच्या साप्ताहिकांत घडलं. नाझी आल्यावर उलश्टाइन कुटुंबाला हे सगळं १९३४ मध्ये कवडीमोलाने विकावं लागलं. पुढे संस्थेचं नाव बदलून 'डॉइचर फेरलाग' झालं आणि तिथूनच 'सिग्नल' निघू लागलं.

आणि ज्यांनी ही कला घडवली ते लोक? 'बर्लिनर इलुस्ट्रिर्टे'चे संपादक कुर्ट कॉर्फ देश सोडून अमेरिकेत गेले आणि १९३६ साली निघालेल्या 'लाइफ'च्या तयारीत त्यांचा सल्ला घेतला गेला. म्युनिकच्या साप्ताहिकाचे संपादक स्टेफान लोरांट नाझींच्या तुरुंगात राहून आले, मग इंग्लंडला पोचले आणि १९३८ साली त्यांनी 'पिक्चर पोस्ट' सुरू केलं. म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा लंडन, न्यूयॉर्क आणि बर्लिनची सचित्र साप्ताहिकं एकमेकांची सख्खी चुलत भावंडं होती. 'सिग्नल' आणि 'लाइफ' शेजारी ठेवले तर लाल रंगापासून मांडणीपर्यंत साम्य डोळ्यांत भरतं.

फोटोत सरळ खाडाखोड करण्याचे प्रकारही चालत. जपानमध्ये १९४२ पासून लष्कराच्या आशीर्वादाने 'फ्रंट' नावाचं भव्य आकाराचं नियतकालिक निघायचं. त्यात फोटो कापून-जोडून सैन्याची ताकद फुगवलेली असे. सोव्हिएत छायाचित्रकार येवगेनी खाल्देई यांचा बर्लिनच्या राइशस्टागवर लाल झेंडा फडकवतानाचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. 'ओगोन्योक' या साप्ताहिकात तो मे १९४५ मध्ये आला. झेंडा खाल्देईंनी मॉस्कोहून टेबलावरच्या लाल कापडांचा शिवून नेला होता. झेंडा लावणाऱ्याला खालून आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं दिसत होती, म्हणजे एक तरी लुटीचं असणार अशी शंका आली असती. म्हणून एक घड्याळ सुईने खरवडून काढलं. नंतर आकाशात धूरही वाढवला. हे किस्से चघळायला मजा येते आणि शेअरही खूप होतात. माझ्या मते मात्र ते या विषयातले सर्वांत भोळे नमुने आहेत. खरवडलेलं घड्याळ कधी ना कधी सापडतंच. न काढलेला फोटो कोण शोधणार?

*

आता दुसरी बाजू. 'लाइफ' तर स्वतंत्र देशातलं, खाजगी मालकीचं. तरी अमेरिका युद्धात उतरल्यापासून पावणेदोन वर्षं त्यातही मेलेला अमेरिकन सैनिक दिसला नव्हता. लष्करी सेन्सॉर असे फोटो अडवून ठेवायचे. 'लाइफ'चे छायाचित्रकार जॉर्ज स्ट्रॉक यांनी न्यू गिनीत बुना इथे किनाऱ्यावर मरून पडलेल्या तीन अमेरिकन सैनिकांचा फोटो काढला होता. वाळूत अर्धवट रुतलेली शरीरं, चेहरे दिसत नाहीत. तो फोटो महिनोनमहिने अडकून पडला. परवानगीचा प्रश्न अखेर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत गेला. २० सप्टेंबर १९४३ च्या अंकात तो पानभर छापून आला आणि हा फोटो आम्ही का छापतोय, हे सांगणारं संपादकीयही सोबत होतं.

सत्याचा विजय झाला असं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण परवानगी मिळाली ती का? युद्ध जवळपास जिंकलंच आहे अशा थाटात घरचे लोक सुस्तावलेत, अशी चिंता सरकारला लागली होती. कारखान्यांत काम वाढवायचं होतं, युद्धकर्जाचे रोखे विकायचे होते. मृत्यू लपवणं आता उपयोगाचं राहिलं नव्हतं, दाखवणं उपयोगाचं होतं. फोटो तोच, माणसं तीच मेलेली. फेब्रुवारीत तो मनोधैर्य खचवणारा ठरत होता, सप्टेंबरमध्ये देशभक्तीचा झाला.

'लाइफ' आणि 'सिग्नल' एकाच मापाने मोजायचे नाहीत, हे खरंच. एका अंकाला उलट पत्र लिहून वाचक शिव्या घालू शकत होता आणि तशी पत्रं आलीही. दुसऱ्याच्या बाबतीत ती सोय नव्हती. फरक एवढा मोठा आहे, की तो विसरून 'सगळे सारखेच' म्हणणं हा आळस झाला. तरी फोटो कधी बाहेर येतो याचं घड्याळ दोन्हीकडे फोटोग्राफरच्या हातात नव्हतं.

*

अमेरिकन वाचक बुनाच्या किनाऱ्याकडे बघत होता त्याच्या चारच आठवडे आधी कलकत्त्यात एक असाच फोटोंचा निर्णय झाला होता.

१९४३ चा बंगाल. त्याआधीच्या वर्षी जपानी फौजा ब्रह्मदेशात पोचल्या तशी ब्रह्मदेशातून येणारी तांदळाची आवक बंद झाली. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सरकारने किनारपट्टीच्या जिल्ह्यांतला तांदूळ उचलला आणि हजारो नावा जप्त केल्या किंवा मोडल्या. नाव म्हणजे तिथल्या माणसाचा बैल, बाजार आणि रस्ता. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरवर चक्रीवादळ आदळलं. लष्करी खर्चाने महागाई भडकली, व्यापाऱ्यांनी माल दाबला. खेड्यांतली माणसं चालत कलकत्त्याला येऊ लागली आणि फुटपाथवर मरू लागली. मृतांचा आकडा सरकारी चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात. सरकारने दुष्काळ रीतसर जाहीर केलाच नाही. तो शब्द टाळण्यासाठी युद्धकाळातले नियम हाताशी होते.

'द स्टेट्समन' हे ब्रिटिश मालकीचं वर्तमानपत्र, संपादक इयन स्टीफन्स हेही इंग्रज. रविवारी, २२ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवरच्या उपासमारीचे फोटो छापले. पुढच्या रविवारी आणखी. महिनोनमहिने जे शब्दांत अडकवून ठेवलं होतं ते फोटोंनी एका सकाळी दिल्लीच्या आणि पुढे लंडनच्या टेबलावर नेऊन ठेवलं. या विषयात फोटोंवर मी एवढा संशय घेतोय, तर हेही लिहून ठेवायला हवं: ते फोटो छापले नसते, तर मदत आणखी उशिरा पोचली असती.

पण 'स्टेट्समन'चे फोटो शहरातले होते. माणसं जिथून चालत आली ती गावं कुणी बघितली? इथे आपल्याला मुंबईत, गिरगावाजवळच्या खेतवाडीत यावं लागतं.

तिथल्या 'राज भुवन' इमारतीत कम्युनिस्ट पक्षाचं मुख्यालय होतं. बंदी उठल्यावर १९४२ च्या जुलैपासून पक्षाचं 'पीपल्स वॉर' हे साप्ताहिक निघू लागलं होतं. वेगवेगळ्या भारतीय भाषांत त्याची भावंडं होती, मराठीत 'लोकयुद्ध'. पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी कलकत्त्यात इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या एका हौशी फोटोग्राफरला गाठलं आणि अभ्यास सोडून आपल्याबरोबर दुष्काळी भागात चल म्हणून पटवलं. त्याचं नाव सुनील जाना, वय पंचविशीच्या आसपास. सोबत चित्रकार चित्तप्रसाद. जाना कॅमेऱ्याने आणि चित्तप्रसाद शाईने, असं दोघांनी बंगाल नोंदवायला घेतलं.

'सिग्नल'चा गुळगुळीत कागद इथे नव्हता. साधा न्यूजप्रिंट, त्यावर भगभगीत छपाई. तरी जानांचे फोटो बघताना हात थांबतो. हाडं, कुत्री, धान्याच्या दारात उभ्या बायका. मरणाऱ्या माणसासमोर कॅमेरा धरणं त्यांना आवडत नव्हतं, हे त्यांनी पुढे सांगितलंही आहे. मदत करायची सोडून फोटो काढायचा, ही बोच. फोटो काढला नाही तर मदत कुणाकडे मागायची, हा त्यावरचा तोडगा. त्या फोटोंची पोस्टकार्डं करून विकली गेली, दुष्काळनिधीसाठी पैसे उभे राहिले.

चित्तप्रसाद यांचं मला जास्त कौतुक वाटतं, ते एका साध्या सवयीसाठी. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडले. ज्याचं चित्र काढलं त्याचं नाव, गाव, तो आधी काय करायचा, घरातले कोण गेले, हे ते लिहून ठेवत. 'सिग्नल'मधल्या हसऱ्या शेतकऱ्याला नाव नसतं, तो 'युक्रेनचा शेतकरी' असतो. 'लाइफ'च्या त्या तीन सैनिकांनाही अंकात नाव नव्हतं, ते 'अमेरिका' होते. चित्तप्रसादांच्या चित्रातला उपाशी माणूस मात्र अमुक गावचा अमुक असतो आणि तो कशाचंही प्रतीक व्हायला चटकन तयार होत नाही.

मग 'पीपल्स वॉर' म्हणजे सत्य आणि बाकीचे म्हणजे प्रचार? नावच पुन्हा वाचा. सोव्हिएत रशियावर हल्ला झाल्यानंतर हे युद्ध 'लोकांचं युद्ध' आहे, अशी भूमिका पक्षाने घेतली होती आणि ऑगस्ट १९४२ च्या 'छोडो भारत'ला विरोध केला होता. गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते, त्यांचं 'हरिजन' बंद पाडलेलं होतं. अशा वेळी 'पीपल्स वॉर' छापखान्यातून बाहेर पडू शकत होतं, ते युद्धाला असलेल्या त्याच्या पाठिंब्यामुळेच. त्याची किंमत पानांवर दिसते. रोख आहे तो साठेबाजांवर, नफेखोरांवर, गलथान नोकरशाहीवर. एकजूट करा, धान्य पिकवा, रेशनिंग आणा. पण ज्या युद्धासाठी नावा मोडल्या त्या युद्धालाच प्रश्न विचारणं त्या पानांवर बसत नव्हतं. भुकेचे सर्वांत प्रामाणिक फोटो ज्या साप्ताहिकात आले, त्याला त्या भुकेचं एक कारण नीट उच्चारता येत नव्हतं. हे वाक्य लिहायला मला आवडत नाही, कारण त्या लोकांनी जे केलं ते फारच थोड्यांनी केलं. पण अंक तसे आहेत.

आणि वाचता न येणाऱ्यांचं काय? खेतवाडीहून काही मैलांवर, माटुंग्याच्या लेबर कॅम्पातल्या अण्णाभाऊ साठ्यांनी या काळात स्टालिनग्राडवर पवाडा रचला आणि 'बंगालची हाक' हा बंगालच्या दुष्काळावरचा पवाडाही रचला. गिरणी कामगाराला न्यूजप्रिंटवरचा अंधुक फोटो दिसला नसेल, पण डफावर बंगाल ऐकू आला. सचित्र अंकांचा इतिहास लिहिताना ही बाजू सहसा सुटते, कारण डफाच्या थापेचं संग्रहण कुठल्या ग्रंथालयात नसतं.

*

पुढे काय झालं ते थोडक्यात. 'सिग्नल' १९४५ च्या वसंतापर्यंत चाललं. त्याचे शेवटच्या काळातले मुख्य संपादक गिझेल्हर वियर्सिंग १९५४ पासून पश्चिम जर्मनीत 'क्रिस्ट उंड वेल्ट' या मोठ्या साप्ताहिकाचे संपादक होते. त्याचे नावाजलेले छायाचित्रकार हान्स हुबमान युद्धानंतरच्या सचित्र साप्ताहिकांत काम करत राहिले. झ्युकाला पॅरिस मुक्त झाल्यावर अटक झाली, खटला मात्र पुढे गेला नाही. तो ड्रू नावाच्या गावी गेला आणि तिथे दुसऱ्या नावाने दुकान टाकून लग्नाचे फोटो काढू लागला. १९७३ मध्ये वारला.

फोटो मात्र निवृत्त झाले नाहीत. १९७० च्या दशकात 'सिग्नल'च्या निवडक पानांची देखणी पुस्तकं इंग्रजीत निघाली आणि रणगाड्यांच्या शौकिनांनी ती उचलली. डिसेंबर २००८ मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ८० हजारांहून जास्त फोटो 'विकिमीडिया कॉमन्स'वर खुले केले. त्यांत लष्कराच्या प्रचार कंपन्यांचे फोटो मोठ्या संख्येने आहेत. तुम्ही महायुद्धावरचं काहीही फोनवर वाचत असाल, तर त्यांतला एखादा तुमच्यासमोर येऊन गेलाच असणार. अभिलेखागाराने त्यांच्यासोबत एक टीपही दिली आहे: मूळ फोटोओळी नोंद म्हणून तशाच ठेवल्या आहेत, त्या चुकीच्या किंवा पक्षपाती असू शकतात. ही टीप मूळ पानावर असते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तेव्हा ती सोबत येत नाही.

चित्तप्रसादांच्या मेदिनीपूरच्या नोंदी आणि चित्रं 'हंग्री बेंगॉल' या नावाने मुंबईत पुस्तिकेच्या रूपात छापली गेली. सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्तप्रसाद नंतर मुंबईतच राहिले, अंधेरीत, बरीच वर्षं, फारशी ओळख न मिळता. १९७८ मध्ये ते गेले. त्या पुस्तिकेची एक प्रत त्यांच्या घरच्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती. २०११ मध्ये दिल्लीच्या एका कलादालनाने तिच्यावरून तिची हुबेहूब आवृत्ती काढली, तेव्हा चित्रांखालची ती नावं आणि गावं पुन्हा छापून आली.